बरा झाला, पण कशामुळे?

तणनाशकाची विषबाधा आणि लहान मुलांची दुर्मीळ डोकेदुखी हे दोन विषय एकाच पुस्तकात का, असा प्रश्न अनुक्रमणिका चाळणाऱ्याला पडणे साहजिक आहे. एकीकडचा रुग्ण बहुधा शेतकरी कुटुंबातला, ऐन उमेदीतला, आणि त्याच्या नातेवाइकांच्या हाती जेमतेम काही दिवस. दुसरीकडे शाळकरी मूल; जिवाला धोका सहसा नाही, पण दुखणे वर्षानुवर्षे पाठ न सोडणारे. पहिल्याच्या तपासण्यांत एकेक अवयव निकामी होत गेलेला दिसतो, दुसऱ्याच्या मेंदूचे चित्र पुन्हा पुन्हा काढले तरी निर्दोष येते. तरीही या दोन्ही ठिकाणी वैद्यकाची फसगत एकाच जागी होते. रुग्णाला औषध दिले, रुग्ण बरा झाला, म्हणून औषधाने बरा झाला, असा निष्कर्ष काढला जातो. तो छापला जातो, शिकवला जातो, आणि पुढच्या रुग्णावर वापरलाही जातो. औषध दिले नसते तर त्याच रुग्णाचे काय झाले असते, हा प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो. या प्रश्नाचे उत्तर तुलनेशिवाय मिळत नाही, आणि रोग दुर्मीळ आहे किंवा रुग्ण मरणाच्या दारात आहे म्हणून तुलनेतून सूट घेता येत नाही, असे माझे म्हणणे आहे. पुढील पानांतले सगळे संशोधन याच कसोटीवर वाचावे, यासाठी ही प्रस्तावना.

आधी विषाकडे वळू. तणनाशके अनेक आहेत, पण रुग्णालयात सर्वाधिक धास्ती घेतली जाते ती पॅराक्वाटची. हे रसायन प्रयोगशाळेत पहिल्यांदा तयार झाले 1882 मध्ये. त्यानंतर दीर्घ काळ ते रासायनिक अभिक्रियांत रंगबदल दाखवणारे द्रव्य म्हणूनच ठाऊक होते. गवत मारण्याचा त्याचा गुण 1955 मध्ये इंग्लंडमधील आयसीआय कंपनीच्या संशोधकांच्या ध्यानात आला, आणि 1962 पासून ते ‘ग्रामोक्सोन’ या नावाने बाजारात आले. पानावर पडताच ते प्रकाशसंश्लेषणातले इलेक्ट्रॉन उचलते, ऑक्सिजनच्या हवाली करते, त्यातून तयार होणारे सुपरऑक्साइड पेशी जाळते, आणि पॅराक्वाटचा रेणू पुन्हा नवा इलेक्ट्रॉन घ्यायला मोकळा होतो. जमिनीत ते चिकणमातीच्या कणांना इतके घट्ट चिकटते की त्याचा प्रभावच संपतो. त्यामुळे फवारणीनंतर थोड्याच दिवसांत पेरणी करता येते, आणि हाच गुण शेतकऱ्याला भावला. विषबाधा झालेल्याला मुलतानी माती पाजण्याचा उपचारही याच गुणावर बेतलेला आहे. माणसाच्या शरीरात मात्र ते मातीसारखे बांधले जात नाही. फुप्फुसाच्या पेशींत पॉलिअमाइन नावाचे उपयुक्त रेणू आत घेणारी एक यंत्रणा असते, ती पॅराक्वाटलाही तसेच आत ओढते. म्हणून रक्तातले विष उतरणीला लागले तरी फुप्फुसात ते साचतच राहते आणि रक्ताच्या कित्येक पटींनी वाढते. तिथे इलेक्ट्रॉनची तीच देवघेव सुरू होते आणि प्राणवायू तिला इंधन पुरवतो. धाप लागलेल्या रुग्णाला प्राणवायू लावणे ही डॉक्टरची सहजप्रवृत्ती. इथे रक्तातला प्राणवायू धोक्याच्या पातळीखाली जाईपर्यंत तो रोखून धरावा लागतो. दरम्यान मूत्रपिंडे बिघडतात, आणि विष बाहेर टाकण्याचा मुख्य मार्गच बंद होतो.

या विषाला उतारा नाही. तरीही काही रुग्ण वाचतात, आणि फसगतीची सुरुवात तिथेच होते. कोण वाचणार हे मुख्यतः पोटात किती विष गेले यावर ठरते. मात्रा अगदी थोडी असेल तर तोंडात जखमा होतात, उलट्या होतात, मूत्रपिंडांना तात्पुरती इजा होते, आणि माणूस सावरतो. मात्रा मोठी असेल तर काही दिवसांतच सगळे अवयव एकदम कोलमडतात. या दोहोंच्या मधला रुग्ण सर्वांत करुण असतो: पहिले काही दिवस तो बसतो, बोलतो, घरी सोडा म्हणतो, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्याचे फुप्फुस घट्ट होत जाते. आता एखाद्या रुग्णालयात आलेल्या दहा जणांत थोडी मात्रा गेलेले सहा जण असतील, तर तिथला कोणताही उपचार यशस्वी दिसेल. दुसऱ्या रुग्णालयात तोच उपचार निकामी ठरेल. रुग्ण किंवा नातेवाईक सांगतात त्या मात्रेवर विसंबता येत नाही, कारण घाबरलेल्या माणसाला घोट मोजता येत नाहीत आणि पुष्कळसे विष उलटीवाटे पडून गेलेले असते. एडिंबरोच्या अॅलेक्स प्राउडफूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये 79 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तिचे मोल म्हणून मोठे आहे. विष पोटात गेल्यापासून किती तास झाले आणि रक्तात त्याचे प्रमाण किती, या दोन आकड्यांचा त्यांनी आलेख मांडला. त्या आलेखावरच्या रेषेच्या वर असलेले रुग्ण दगावले, खालचे बहुतेक वाचले. उपचार सुरू होण्यापूर्वीच रुग्णाचे भवितव्य बऱ्याच अंशी सांगता येते, हे त्यातून उघड झाले. ज्या अहवालात रक्तातले प्रमाण आणि वेळ दिलेली नाही, त्यातल्या ‘वाचलेल्या’ रुग्णाबद्दल काहीच म्हणता येत नाही. आपल्याकडच्या बहुसंख्य रुग्णालयांत रक्तातले पॅराक्वाट मोजण्याची सोय नसते हे खरे. पण लघवीत सोडियम डायथायोनाइट घालून निळा रंग येतो का हे पाहणारी तपासणी स्वस्त आहे, काही मिनिटांत होते, आणि रंग किती गडद यावरून प्रमाणाचा ढोबळ अंदाजही बांधता येतो. एवढी तरी नोंद अहवालात हवी.

तुलना नसली की काय घडते, याचा धडा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांच्या इतिहासात आहे. त्याच्यावर जरा रेंगाळायला हवे. फुप्फुसातली जळजळ थांबवली तर ते घट्ट होणार नाही, या तर्काने सायक्लोफॉस्फामाइड आणि स्टेरॉइड यांचा वापर सुरू झाला. तर्कात चूक नव्हती. 1986 मध्ये त्रिनिदादहून 72 रुग्णांचा अहवाल आला. त्यांतले 20 दगावले होते. त्याआधीच्या काळात तिथे दोनतृतीयांशांच्या आसपास रुग्ण दगावत. फरक डोळे दिपवणारा होता, पण तुलना होती जुन्या रुग्णांशी, आणि जुन्या व नव्या रुग्णांच्या पोटात सारखेच विष गेले होते याची हमी कोणीच देऊ शकत नव्हते. 1999 मध्ये तैवानमधून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडून केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात उपचार मिळालेल्या 22 जणांपैकी 4 आणि न मिळालेल्या 28 जणांपैकी 16 दगावले. हे आकडे निर्णायक वाटतात. मात्र पहिल्या आठवड्यातच दगावलेले रुग्ण या हिशेबातून वगळलेले होते, आणि एकदा गट पडल्यानंतर कोणालाही वगळले की गटांचा समतोल ढळतो. पुढे चाचण्यांची एकत्रित समीक्षा करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या समीक्षकांनी तीन लहान चाचण्यांतले मिळून 164 रुग्ण एकत्र मोजले, फायद्याची शक्यता दिसते असे नोंदवले, आणि मोठ्या चाचणीची गरज बोलून दाखवली. ती चाचणी श्रीलंकेत झाली. इंदिका गवारम्मना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 299 रुग्णांचे दोन गट पाडले, एकाला ही औषधे मोठ्या मात्रेत दिली, दुसऱ्याला दिली नाहीत. निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाला: रुग्णालयातील मृत्यूंच्या प्रमाणात दोन गटांत भरवशाचा फरक आढळला नाही. पहिल्या अहवालापासून या उत्तरापर्यंत यायला 32 वर्षे लागली. मधल्या काळात जगभरच्या किती रुग्णांना, त्यांची प्रकृती आधीच ढासळलेली असताना, ही औषधे केवळ आशेवर टोचली गेली असतील, त्याचा हिशेब कोणाकडेच नाही.

यावर कोणी म्हणेल की एवढे करून हाती ‘नाही’ एवढेच आले. मला हा आक्षेप पटत नाही. औषधाचा उपयोग नाही हे खात्रीने कळले की जीव वाचवण्याची जागा दुसरीकडे शोधावी लागते, आणि पॅराक्वाटच्या बाबतीत ती जागा रुग्णालयाबाहेर होती. 2004 मध्ये श्रीलंकेत उत्पादक कंपनीने द्रावण बदलले: पोटात गेल्यावर त्याचा गोळा व्हावा आणि उलटी लवकर व्हावी अशी योजना त्यात होती. जुने द्रावण प्यायलेल्यांपैकी तीन महिन्यांनी सुमारे 27 टक्के जिवंत होते, नवे प्यायलेल्यांपैकी सुमारे 37 टक्के. सुधारणा खरी मानली तरी दहातले सहा जण दगावतच राहिले. मग 2008 ते 2011 या काळात श्रीलंकेने पॅराक्वाट टप्प्याटप्प्याने बाजारातून काढून टाकले. डायमेथोएट आणि फेन्थिऑन ही दोन कीटकनाशकेही त्याच वेळी बंद झाली. तिथे कीटकनाशक-तणनाशक प्राशनाने होणाऱ्या आत्महत्यांचे प्रमाण 2011 मध्ये लाखामागे 8.5 होते, ते 2015 मध्ये 4.2 वर आले. दक्षिण कोरियाने पॅराक्वाटची नोंदणी रद्द केल्यावर असेच घडले: 2011 मधले लाखामागे 5.26 हे प्रमाण 2013 मध्ये 2.67 झाले. अतिदक्षता विभागातल्या कोणत्याही उपचाराने एवढे जीव वाचवलेले नाहीत.

बंदीवरचे दोन आक्षेप गंभीर आहेत, त्यांना बगल देऊन चालणार नाही. पहिला असा की मरायचे ठरवलेला माणूस दुसरा मार्ग शोधेल. श्रीलंकेत याच काळात एकूण आत्महत्यांचे प्रमाणही लाखामागे 18.3 वरून 14.3 पर्यंत उतरले. मार्गच बदलला असता तर एकूण आकडा होता तिथेच राहिला असता. विष घेणाऱ्यांपैकी अनेक जण क्षणिक उद्वेगात हाताशी असलेली बाटली उचलतात. ती बाटली कमी घातक असेल, तर तो क्षण ओलांडून माणूस जगतो आणि बहुतेकदा त्याला पुढे मरावेसे वाटतही नाही. दुसरा आक्षेप शेतीचा आहे, आणि तो विदर्भातल्या कापूस-सोयाबीन उत्पादकाइतका कोणाला कळणार? निंदणीला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही, पाऊस लागून राहिला की शेत तणाखाली जाते. तणनाशक ही चैन नव्हे. पण पॅराक्वाट म्हणजे एकमेव तणनाशक नव्हे. श्रीलंकेने 1995 मध्ये मोनोक्रोटोफॉस आणि मेथामिडोफॉस, 1998 मध्ये एंडोसल्फान बंद केले, तेव्हाही शेतीच्या विनाशाचे भाकीत झाले होते. उत्पादनात तशी घट आढळली नाही. केरळने 2011 मध्येच पॅराक्वाटवर बंदी घातली. बंदीसोबत पर्यायी औषधाचा खर्च आणि निंदणीच्या मजुरीचा प्रश्न सरकारने अंगावर घ्यायला हवा, ही मागणी न्याय्य आहे. पण तिच्या आडून बंदीच पुढे ढकलणे मला मान्य नाही.

आता दुसऱ्या विषयाकडे. मुलांच्या डोकेदुखीत रुग्ण वाचला की दगावला असा रोखठोक निकाल नसतो, आणि त्यामुळे तिथे फसणे अधिक सोपे. मुलांची अर्धशिशी मोठ्यांसारखी दिसत नाही. ती बहुधा कपाळाच्या दोन्ही बाजूंना असते, कमी वेळ टिकते, दोन तासांतही ओसरते; मूल खेळ सोडून अंधाऱ्या खोलीत पडून राहते, ओकते, झोपते आणि उठल्यावर जणू काही झालेच नव्हते असे वागते. तिच्या कुळातले काही विकार तर डोके न दुखताच येतात: ठरावीक अंतराने होणाऱ्या उलट्यांचे सत्र, बेंबीभोवतीची पोटदुखी, अचानक येणारी आणि काही मिनिटांत जाणारी भोवळ. अशा मुलांना आधी जंतांचे औषध मिळते, मग चष्मा, मग शाळा चुकवायची सवय असा शेरा. दुखण्याला नाव मिळेपर्यंत घरच्यांनी अनेक उपाय केलेले असतात आणि त्यांतल्या शेवटच्या उपायाच्या सुमारास दुखणे आपसूक ओसरलेले असते. हे आपसूक ओसरणे स्वीडनमधील बो बिले यांनी फार चिकाटीने मोजले. उप्सालातल्या सुमारे 9,000 शाळकरी मुलांची पाहणी त्यांनी 1962 मध्ये प्रसिद्ध केली आणि त्यांतल्या तीव्र अर्धशिशीच्या 73 मुलांचा 40 वर्षे मागोवा घेतला. पन्नाशीला पोहोचतानाही निम्म्याहून अधिक जणांना दुखणे होतेच. पण काहींचे ते तरुणपणीच कायमचे थांबले, आणि पुष्कळांच्या बाबतीत मध्ये काही वर्षे गायब होऊन पुन्हा परतले. अशा येत्या-जात्या दुखण्यात पालक डॉक्टरांकडे कधी येतात? दुखणे टोकाला गेल्यावर. टोकानंतर उतार असतोच, आणि त्याचे श्रेय त्या वेळी हातात असलेल्या गोळीला मिळते.

ही गोष्ट कल्पनेतली नाही, हे 2017 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अमेरिकेतील चाचणीने दाखवून दिले. अॅमिट्रिप्टिलिन आणि टोपिरामेट ही दोन औषधे मुलांच्या अर्धशिशीत प्रतिबंधासाठी सर्रास दिली जात होती, आणि देणारे अनुभवी तज्ज्ञ होते. 8 ते 17 वयाच्या 361 मुलांचे तीन गट पाडले: दोन गटांना ही औषधे, तिसऱ्याला औषधी द्रव्य नसलेली, तशीच दिसणारी गोळी. डोकेदुखीचे दिवस निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटले तर यश, अशी कसोटी होती. अॅमिट्रिप्टिलिनच्या गटात 52 टक्के मुलांना, टोपिरामेटच्या गटात 55 टक्के मुलांना आणि निव्वळ गोळीच्या गटात 61 टक्के मुलांना ते यश मिळाले. पुढे चालू ठेवून काही साधणार नाही हे दिसल्यावर चाचणी वेळेआधीच थांबवली गेली. हातापायांना मुंग्या, थकवा, वजन घटणे हे त्रास मात्र औषधांच्या गटांत अधिक होते. हे वाचून एखादा अनुभवी बालरोगतज्ज्ञ म्हणेल की आमची मुले तर या औषधांनी बरी होतात. ते खरेच आहे; त्या चाचणीतही निम्म्याहून अधिक मुलांना आराम पडला. अनुभव खोटा नव्हता, त्याचे कारण चुकीचे लावले गेले होते, आणि तुलनागट नसता तर ते कधीच उघडकीस आले नसते. या निकालाचा अर्थ मुलांचे दुखणे मनाचे खेळ आहेत असाही लावू नये. नियमित झोप, वेळेवर जेवण आणि पाणी, नोंदवही, आपले ऐकून घेणारा डॉक्टर आणि काळाचा स्वाभाविक उतार या सगळ्यांचा वाटा त्या 61 टक्क्यांत आहे, आणि तो वाटा कमी लेखण्याजोगा नाही.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मोठ्या चाचणीखेरीज काहीच खरे मानायचे नाही असा माझा आग्रह आहे. तसा तो असता तर या पुस्तकाच्या दुसऱ्या भागाला अर्थच उरला नसता, कारण त्यातले बरेच विकार इतके विरळ आहेत की शेकडो मुले एका जागी जमणे अशक्य. नॉर्वेच्या ओटार स्याश्टाद आणि इंगे डाले यांनी 1974 मध्ये एका डोकेदुखीचे वर्णन केले. ती डोक्याच्या एकाच बाजूला येते, प्रत्येक झटका 2 ते 30 मिनिटांचा, दिवसातून अनेकदा, आणि त्याच बाजूचा डोळा लाल होऊन पाणावतो. मुलांत ती फारच विरळ आढळते. इंडोमेथासिन हे सांधेदुखीचे जुने औषध पुरेशा मात्रेत दिले की झटके पूर्ण थांबतात. औषध बंद केले की परततात. पुन्हा दिले की पुन्हा थांबतात. हा प्रतिसाद इतका निःसंदिग्ध आहे की तो त्या विकाराच्या व्याख्येतच समाविष्ट झाला. इथे मोजक्या रुग्णांची नोंद पुरली, कारण तिच्यात तुलना दडलेली होतीच: तोच रुग्ण औषधासह आणि औषधाविना, पुन्हा पुन्हा. दुखणे अनेक महिने एकाच चालीने चालू आहे, औषधाचा परिणाम झटपट आणि जवळजवळ संपूर्ण आहे, आणि औषध काढल्यावर तो जातो, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर एक रुग्णही बोलका साक्षीदार ठरतो. पॅराक्वाटमध्ये यांपैकी एकही जुळत नाही, नेहमीच्या अर्धशिशीत सहसा जुळत नाही. बाल्यावस्थेत शरीराची कधी डावी तर कधी उजवी बाजू लुळी पडणारा आणि पूर्वी अर्धशिशीच्याच घरात गणला गेलेला विकार तर दहा लाखांत एखाद्या मुलाला होतो. बहुतेक मुलांत त्याचे मूळ एटीपी1ए3 या जनुकात आहे हे 2012 मध्ये कळले, ते अनेक देशांतल्या कुटुंबांचे नमुने एकत्र आल्यामुळेच. दुर्मीळ रोगात तुलना सोडून द्यायची नसते; ती रुग्णाच्या आत शोधायची, नाहीतर देशांच्या सीमा ओलांडून उभी करायची.

सर्वांत टोचणारा आक्षेप नीतीचा आहे. मरणाऱ्या माणसाला, वेदनेने तळमळणाऱ्या मुलाला संशोधनासाठी औषधाविना ठेवायचे? या प्रश्नात एक गृहीत लपलेले असते: औषध उपयोगी आहे हे आपल्याला आधीच माहीत आहे. ते खरोखर माहीत असेल, तर चाचणी करणे पाप. पण माहीत नसेल, तर प्रत्येक रुग्णावर आपण चाचणीच करत असतो, फक्त तिची नोंद ठेवत नाही आणि तिच्यातून काही शिकत नाही. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या ज्या नामांकित चाचणीचा अहवाल 1948 मध्ये ब्रिटनमध्ये आला, तिच्यात 107 रुग्ण होते. औषध सर्वांना पुरण्याइतके नव्हतेच. कोणाला द्यायचे हे ओळखीपाळखीने ठरण्याऐवजी गट पाडून ठरले. सहा महिन्यांत औषधाच्या गटातले 4 आणि नुसत्या विश्रांतीच्या गटातले 14 रुग्ण दगावले. औषध खरे होते हे त्या तुलनेने सिद्ध केले, आणि क्षयाचे जंतू त्याला सरावतात हा इशाराही तिनेच दिला. तुलनागटातल्या रुग्णाला वाऱ्यावर सोडलेले नसते, त्याला उपलब्ध असलेली सगळी शुश्रूषा मिळते. संमती मात्र खरी हवी. विष प्यायलेल्याच्या भेदरलेल्या भावाकडून घाईघाईत अंगठा घेणे ही संमती नव्हे, आणि मुलांच्या बाबतीत पालकांसोबत मुलालाही त्याच्या वयाला समजेल असे सांगितले पाहिजे. याबाबत भारतातल्या संशोधनाने भूतकाळात पुष्कळ ढिलाई केली आहे, हे कबूल करायला हवे.

शेवटचा आक्षेप आपल्या अगदी घरचा: हे सगळे एडिंबरो आणि उप्सालाला ठीक, तालुक्याच्या रुग्णालयात कसे जमणार? त्याचे उत्तर महाराष्ट्रातच आहे. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवला, आणि 1982 पासून त्यांचे निरीक्षण जागतिक नियतकालिकांत येत राहिले. त्यावर ते थांबले नाहीत. विंचवाच्या विषावरचे प्रतिविष उपलब्ध झाल्यावर त्यांनी महाडमध्येच 70 रुग्णांचे दोन गट पाडले, एकाला प्रतिविष आणि प्राझोसिन, दुसऱ्याला नुसते प्राझोसिन दिले. दहा तासांत पूर्ण बरे होणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात 91 टक्के आणि दुसऱ्यात 23 टक्के निघाले, आणि 2011 मध्ये ‘बीएमजे’ने ते छापले. आयुष्यभर ज्या औषधाचा पुरस्कार केला, त्यालाच तुलनेच्या कसाला लावण्याची ही वृत्ती मला त्या आकड्यांपेक्षाही मोलाची वाटते. बारामतीत सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या 200 रुग्णांवर प्रॅलिडॉक्सिमची चाचणी झाली आणि 2006 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली: सलग मोठ्या मात्रेत औषध मिळालेल्या शंभरांत 1 मृत्यू, ठरावीक अंतराने मिळालेल्या शंभरांत 8. तीन वर्षांनी श्रीलंकेतल्या 235 रुग्णांच्या चाचणीत याच औषधाचा फायदा दिसला नाही. या विसंगतीवरून संशोधनावरचा विश्वास उडण्याचे कारण नाही. रुग्ण किती लवकर पोहोचले, कोणते कीटकनाशक पोटात गेले होते, अतिदक्षतेची सोय किती होती, या प्रश्नांकडे तिने सगळ्यांना वळवले, आणि ते प्रश्न तालुक्याच्या रुग्णालयातच सुटू शकतात, कारण रुग्ण तिथेच येतात.

म्हणून हे पुस्तक हाती घेणाऱ्या डॉक्टरांना माझी विनंती आहे की त्यांनी दगावलेल्या रुग्णाचीही तितकीच काटेकोर नोंद ठेवावी आणि ती प्रसिद्ध करावी. विष पोटात गेल्याची वेळ, लघवीच्या तपासणीचा रंग, बाटलीवरचे नाव आणि द्रावणाची टक्केवारी लिहावी. रक्ताचा नमुना जपावा. चाचणी करायची असेल तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी देशाच्या चाचणी नोंदवहीत तिची नोंद करावी. पालकांनी मुलाच्या डोकेदुखीची तारीख, वेळ, झोप, जेवण आणि औषध यांची साधी वही ठेवावी. पहाटे दुखण्याने जाग येणे, चाल किंवा नजर बिघडणे, ताप आणि मान आखडणे, किंवा पूर्वी कधीच नव्हते असे अचानक भयंकर दुखणे, यांपैकी काहीही दिसले तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. शेतकरी बंधूंनी तणनाशक थंड पेयाच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये आणि ते कुलपात ठेवावे. घरात कोणाच्या पोटात ते गेले, तर माणूस कितीही ठणठणीत दिसत असला तरी एक तासही वाट न पाहता त्याला बाटलीसकट रुग्णालयात न्यावे.